गावंडेबाईंचे सात रिकामे डबे

शोभा कदम यांच्या उजव्या हाताची तीन हाडं गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मोडली गेली. लंडनच्या हॅनवेल भागात, त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच पोळपाटाने. ज्याने मोडली त्याचं नाव मला माहीत नाही. तो रोजावर आणलेला माणूस होता. त्याला ज्यांनी आणलं त्यांचं नाव कुठल्याही कागदावर नाही, आणि ते नसावं याची सोय आधीच, नीट, कायद्यात बसवून केलेली होती.

हे लिहिणं मात्र शोभाताईंबद्दल नाही. सुशीला गावंडे यांच्याबद्दल आहे. त्यांना हे घडायच्या आधी सगळं माहीत होतं आणि त्यांनी शोभाताईंना एका शब्दाने सांगितलं नाही. त्यांच्याइतकं खरं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. या दोन गोष्टी एकाच बाईच्या आहेत, आणि त्यात चूक त्या बाईची नाही.

गावंडेबाई मला हॅनवेलशेजारच्या ईलिंगमधल्या एका वकिलाच्या ऑफिसात भेटल्या. खाली ड्रायक्लीनर, वर घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद करणारं ऑफिस. आता मी भाडेकरूंच्या संघटनेची पत्रकं लिहिते. तेव्हा त्या ऑफिसात फायली लावायला होते. बाईंना तिथे बावीस वर्षं झाली होती. त्यांचा हुद्दा लांबलचक होता, पण काम सोपं सांगता येतं: घर घ्यायला आलेल्याचा पैसा कुठून आला ते खणून काढायचं. काळा पैसा या देशात घरांमध्ये जिरतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कायदा वकिलांनाच पहाऱ्यावर बसवतो. बाकीचे हा पहारा टिकमार्क करून देतात. बाई हत्यार घेऊन द्यायच्या.

हत्यार म्हणजे अडकित्ता. नागपूरच्या इतवारीतून आणलेला, पितळी मुठींचा. टेबलावर स्टेपलरच्या शेजारी ठेवलेला असायचा. समोरचा माणूस बोलत असताना बाई सुपारी कातरायच्या. तो खरं बोलत असला की कातरण बारीक, पापुद्र्यासारखं पडायचं. खोटं बोलायला लागला की कट्! सुपारीचे दोन तुकडे, आणि त्यातला एक उडून समोरच्याच्या शर्टावर.

"सॉरी हं," बाई म्हणायच्या. "बोल पुढं."

हलक्या हाताने त्यांना काही करताच यायचं नाही. कागदाला पंच मारला की टेबलावरची पेनं उड्या मारायची. प्रिंटर अडला तर थोबाडीत द्यावी तशी त्याला द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "याला लहानपणी कोणी मारलं नाही, म्हणून असा झाला." उंची पाच फुटांच्या आत, वय त्रेसष्ट, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरातून बाहेर वळलेली.

ऑफिसच्या फॉर्मवर दोन प्रश्न छापलेले होते. पैसा कुणाचा, आणि मालक कोण. बाई प्रत्येक फॉर्मवर खाली पेन्सिलीने तिसरा लिहायच्या: झोपणार कोण?

ऑफिस ज्याचं होतं तो पार्टनर एक उंच, मऊ बोलणारा इंग्रज होता. तो दर महिन्याला म्हणायचा, सुशीला, हे कायदा विचारत नाही. बाईंचं इंग्रजीही नागपुरीच होतं. त्या म्हणायच्या, "कायद्याला झोप लागत असेल. मले नाही लागत."

मी एकदा विचारलं होतं की हा तिसरा प्रश्न कशाला. सुपारी कातरता कातरताच त्यांनी सांगितलं.

"ग्लासगोत आमचं घर यांच्या नावावर होतं. एक दिवस यांनी माझा हात ड्रॉवरात धरला आन् ड्रॉवर बंद केला. दोनदा. पोलीस आले. पह्यलं काय विचारलं? घर कोणाचं. यांनी कागद दाखवला. पोलीस मला म्हणते, मग तुम्ही बहिणीकडं वगैरे जाऊ शकता का? बहीण माझी नागपुरात." कट्. "झोपत मी होती तिथं. अकरा वर्षं. चल, उठ, फाइल आण."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

साध्या माणसांनाही बाई सोडत नव्हत्या. अभिजित म्हणून एक मुलगा आला होता (हे त्याचं खरं नाव नाही). पुण्याचा, लंडनबाहेर मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर. बायको, सहा महिन्यांचं बाळ, पहिलं घर. डिपॉझिटमधली थोडी रक्कम वडिलांनी पाठवली होती.

"वडलांकडं कुठून आली?"

"मॅडम, त्यांनी प्लॉट विकला."

"लाव फोन त्यांना."

वडील स्क्रीनवर आले, बनियनवर घाईने शर्ट चढवलेला. बाईंनी नमस्कार केला आणि विचारलं, काका, प्लॉट कोणाला विकला, चेक कोणत्या बँकेचा, खरेदीखत कुठे आहे. काकांचा पारा चढला. "अहो बाई, सदतीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. आजवर माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही."

"कोणी कोणाला विचारलंच नाही काका, म्हणून तर हे दिवस आले. पान दोन दाखवा. जरा वर धरा. स्टँप दिसू द्या."

काकांनी अख्खं खरेदीखत पानापानाने कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांचे हात थरथरत होते. शेवटचं पान येईपर्यंत अभिजित रडायला लागला. बाईंनी फाइलवर शिक्का हाणला, त्याच्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला आणि म्हणाल्या, "रडतो काहून? आता तुझ्या घराला कोणी बोट लावू शकत नाही. पै-पै दाखवली तुझ्या बापानं." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "या पोट्ट्याचा पगार, याची उधारी, याच्या बायकोच्या बांगड्या, सगळं मले तोंडपाठ आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

शोभाताई बाईंचा जेवणाचा डबा आणायच्या. बाई स्वतः स्वयंपाक करत नसत. मी पुष्कळ केला, म्हणायच्या. शोभाताई साताऱ्याच्या. हॅनवेलला एका म्हाताऱ्या इंग्रजाच्या घरात नऊ वर्षं भाड्याने राहत होत्या, तिथूनच डबे करायच्या आणि साडेबाराला ट्रॉली ओढत ऑफिसचा जिना चढायच्या. डब्यांच्या झाकणांवर पत्त्याचा छापील कागद चिकटवलेला, हरवू नयेत म्हणून. आजचा भरलेला डबा द्यायचा, कालचा न्यायचा.

आता आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. बाई हे फार कडक पाळायच्या. चिमूटभर साखर, एखादं केळं, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, संक्रांतीला तिळाच्या वड्या, एकदा थंडी फार होती तेव्हा लोकरी मोज्यांचा जोड. शोभाताई डबा कानाशी नेऊन हलवायच्या. "आज काय घातलंत बाई? गारगोट्या?"

"तुझ्या परवाच्या चपात्या घातल्या परत. दात लागंना."

"दात आहेत का मोजायला अजून?"

"तुझी चपाती खाऊन खाऊन मोजावे लागतात ना!"

रोज असंच. त्याशिवाय दोघींचं जेवण पचत नसावं.

त्या वर्षी, मार्चच्या पहिल्या सोमवारी, राजन भोगटे आला.

भोगटेला तुम्ही पाहिलंय. हाच तो नाही, पण असा. मंडळाच्या गणपतीला सगळ्यात जास्त देणगी त्याची, आणि मंडपाबाहेर बाप्पापेक्षा हातभर मोठा फोटोही त्याचाच. नवीन आलेल्यांना खोली बघून देतो, विमानतळावर गाडी पाठवतो. सगळ्या बायकांना मावशी म्हणतो. त्या दिवशी तो हॅनवेलमधल्या एका घराची फाइल घेऊन आला होता. खरेदीदार एका बेटावर नोंदवलेली कंपनी. कर्ज नाही, हप्ता नाही, सगळी रक्कम एकदम.

"मावशी, सगळं रेडी आहे. तुमचं एक टिक राहिलंय फक्त."

"मी तुझ्या आईची बहीण नाही. मालक कोण?"

"कंपनी."

"कंपनीच्या मागं कोण?"

"पाच जण. प्रत्येकी वीस टक्के." तो हसला. "रजिस्टरला दाखवायची गरज नाही, मावशी. नियम बघा."

नियम त्याला पाठ होता. परदेशी कंपनीने इथे घर घेतलं तर तिच्यामागचा खरा मालक सरकारी रजिस्टरवर लिहावा लागतो. पण साधारणपणे पंचवीस टक्क्यांच्या वर हिस्सा असेल तरच. पाच जणांत वीस-वीस वाटून टाकलं की मालकाच्या रकान्यात कुणीच उरत नाही. घर आहे, पैसा आहे, मालक नाही.

"पाच जणांनी मिळून बकरा खाल्ला," बाई म्हणाल्या, "म्हणून बकरा कोणी खाल्लाच नाही?" कट्. "झोपणार कोण तिथं?"

"कोणीच नाही. रिकामं घर आहे. म्हातारा वारला, पुतण्या विकतोय. रिकामं म्हणून लिहून दिलंय त्याने." आणि त्याने हात पुढे करून फॉर्मवरचा पेन्सिलीचा प्रश्न अंगठ्याने पुसायला सुरुवात केली.

बाईंनी अडकित्ता आपटला. त्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधोमध. लाकडात खोच पडली. मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मागे सरकले.

भोगटेने हात सावकाश काढून घेतला. हसू तसंच. "जपून, मावशी. या वयात हाड जुळत नाही."

तो गेला. बाईंनी पाच पासपोर्टांच्या प्रती काढल्या, एकेक पाहिली. तिसऱ्यावर थांबल्या. मग जेवायला डबा उघडला, झाकण उलटं ठेवलं, आणि पुन्हा सुलटं केलं. त्यांनी झाकणाकडे पाहिलं. फाइलकडे पाहिलं. पुन्हा झाकणाकडे. मग झाकण लावलं आणि उठून पार्टनरच्या खोलीत गेल्या. दार लागलं. मला वाटलं पित्त झालं असेल, घरी जायला विचारत असतील.

तिसरा पासपोर्ट अभिजितचा होता. फाइलवरचं रिकामं घर शोभाताईंचं होतं. हे दोन्ही मला नंतर कळलं.

मंगळवारी शोभाताई आल्या, भरलेला डबा ठेवला, कालचा उचलला आणि थबकल्या. हलवला. काही वाजलं नाही. झाकण काढून पाहिलं. डबा घासून लख्ख केलेला, आत काही नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई स्क्रीनकडे बघत होत्या.

बुधवारी पुन्हा रिकामा. त्या दिवशी डब्यात भरली वांगी होती. गुरुवारी रिकामा, पुरणपोळी, सण ना वार. शुक्रवारी रिकामा, शोभाताई म्हणाल्या, "आज मटण आहे बाई. तुमच्या नागपूरचा सावजी मसाला आणवला मुद्दाम. बघा जमलंय का." बाईंनी मान हलवली, वर पाहिलं नाही. शोभाताई गेल्यावर डबा माझ्याकडे ढकलला.

ते सगळं मी खाल्लं. वांगी, पुरणपोळी, मटण. बोटं चाटून खाल्लं.

सोमवारी मी न राहवून म्हणाले, "बाई, निदान साखर तरी घाला हो. चेहरा बघवत नाही त्यांचा."

बाई स्टेपल करत होत्या. मूठ इतक्या जोरात आली की पिन कागदातून आरपार त्यांच्याच अंगठ्यात गेली. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, पिन नखाने उपसून काढली आणि रक्त फाइलला लागू नये म्हणून अंगठा तोंडात घातला. "मध्ये बोलू नको," अंगठ्याआडून म्हणाल्या.

मंगळवारी शोभाताईंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, बाई रागावल्यात का माझ्यावर? काय चुकलं काही कळंना. मीठ जास्त पडतंय का?"

मी म्हणाले, "नाही हो, असतो एकेकाचा मूड."

बुधवारी सातवा डबा रिकामा गेला.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला पार्टनर बाहेर आला. मी ऐकलेलं एकच वाक्य: सात दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे आपण मोकळे. बाई म्हणाल्या, मी बटण दाबणार नाही. त्याने स्वतः दाबलं. पैसे गेले, पाऊण तासाने किल्ल्या दिल्याचा फोन आला. बाई उठल्या, अडकित्ता पिशवीत टाकला आणि जिना उतरल्या. कोट न घेता. बाहेर बोचरी थंडी होती, म्हणून मी कोट घेऊन मागे धावले. बसमध्ये त्या उभ्याच राहिल्या, दांडी धरून. मी दोनदा विचारलं कुठे जातोय. त्या खिडकीतून स्टॉप मोजत होत्या.

हॅनवेलच्या त्या घराचं दार बिजागरीसकट आत पडलं होतं. पुढच्या अंगणात पातेली, परात, पोत्यातून फाडलेले तांदूळ, चिखलात डाळ. एक माणूस वरच्या खिडकीतून गादी ढकलत होता. दुसरा मसाल्याच्या बरण्या एकेक करून भिंतीवर फोडत होता, चेंडू टाकावा तसा, निवांत. आत स्वयंपाकघरात शोभाताईंनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. "माझं घर आहे, भाडं भरलंय," एवढंच मराठीत ओरडत होत्या. तिसऱ्याने संगमरवरी पोळपाट उचलला आणि त्यांच्या उजव्या हातावर आणला.

तो आवाज काडी मोडल्यासारखा नव्हता. ओला होता.

बाई त्याच्या काखेखालून आत घुसल्या. त्याचा अंगठा अडकित्त्यात घेतला आणि दोन्ही मुठी मिटल्या. कट्. नखासकट टोक लोंबायला लागलं. तो जनावरासारखा ओरडला आणि कोपर फिरवलं, ते बाईंच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात सांडलेल्या कणकेत पडले. बाई खाली बसल्या नाहीत. ओट्याला टेकून शोभाताईंच्या पुढे उभ्या राहिल्या, हनुवटीवरून रक्त, अडकित्ता उघडा. "ये," म्हणाल्या मराठीतच. "ये अजून. नऊ बोटं उरली तुझी."

आणि मी काय केलं? माझ्या हातात कोट होता. तो धरून मी उभी होते. मग पोलिसांना फोन केला.

पोलीस दोन आले. माणसांनी कंपनीचा कागद दाखवला. पोलिसाने पहिला प्रश्न विचारला: घर कुणाचं? कागदावर कंपनी. मग हा मालक-भाडेकरूचा वाद आहे, तो म्हणाला, सिव्हिल मॅटर. कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला असं बाहेर काढणं या देशात गुन्हा आहे. मी ते ओरडून सांगितलं. तो म्हणाला, शांत व्हा. शोभाताईंना अँब्युलन्समध्ये घातलं. तिघं आपल्या व्हॅनने गेले. त्या सकाळी बेड्या एकाच माणसाला पडल्या: सुशीला गावंडे, वय त्रेसष्ट, धारदार वस्तू बाळगणं आणि इजा करणं.

गाडीत बसताना बाई हसत होत्या, तुटक्या दातांनी. "घर कोणाचं," म्हणाल्या मला. "ग्लासगोवाला पण हेच बोल्ला होता. शब्द पण तेच."

दुसऱ्या दिवशी समज देऊन सोडलं. त्याच दिवशी ऑफिसने काढून टाकलं. शनिवारी आम्ही दोघी हॉस्पिटलमध्ये गेलो. शोभाताईंचा हात प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. बाईंचं सुजलेलं तोंड पाहून त्यांना रडू आलं, पण पहिलं वाक्य वेगळंच आलं.

"बाई, माझ्या जेवणात काय चुकलं होतं हो?"

बाई म्हणाल्या, "काही नाही चुकलं. मी तुला सांगून राह्यली होती. रिकामा डबा देऊन. घर रिकामं करतील, नीघ तिथून, हे सांगून राह्यली होती."

"मला वाटलं," शोभाताई म्हणाल्या, "मीठ जास्त झालं."

बाईंनी पलंगाच्या पायथ्याची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि कपाळ तिच्यावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मी आणि नर्सने मिळून त्यांना मागे ओढलं.

तोंडाने का नाही सांगितलं, हे मी त्यांना पुढे कितीतरी दिवसांनी विचारलं. कंपनीने तोवर घर दुसऱ्या कंपनीला विकलं होतं आणि स्वतः बंद पडली होती. लपवायला काही शिल्लक नव्हतं. बाईंनी सांगितलं ते असं. त्या सोमवारी त्यांनी पार्टनरला लेखी दिलं: तिसरा भागीदार मला ठाऊक आहे, त्याची पै-पै मी मोजली आहे, हे घर रोखीने घ्यायला त्याच्याकडे वीस टक्के काय, वीस विटांचे पैसे नाहीत. त्याच्या नावामागे दुसरं कोणीतरी आहे. आणि घर रिकामं नाही. पार्टनरने नियमाप्रमाणे सरकारकडे संशयाचा अहवाल पाठवला. तो गेला की पुढे तोंड उघडणं गुन्हा. संशयिताला सुगावा लागेल असा एक शब्द कुठे गेला तर तुरुंग. सरकारने सात कामाच्या दिवसांत नाही म्हटलं नाही, तर व्यवहार करायची मुभा. सरकार गप्प बसलं की ती परवानगी ठरते. बाई गप्प बसल्या की ते कायद्याचं पालन. शोभाताईंना सावध केलं असतं तर तो गुन्हा झाला असता.

चोराला सावध करू नये म्हणून हा नियम आहे, हे मला समजतं. शोभाताई चोर नव्हत्या. अहवालाच्या फॉर्मवर पैशासाठी जागा होती, कंपनीसाठी होती, पाच नावांसाठी होती. घरात झोपणाऱ्या बाईसाठी एक चौकोन नव्हता. आणि पार्टनरला हे काम नाकारता आलं असतं. कायद्याने त्याला कोणी अडवलं नव्हतं. फी होती.

"मले वाटलं, रिकामा डबा कोणालाही कळंल," बाई म्हणाल्या. "आपल्यात कोण देतं रिकामा?" आणि मग म्हणाल्या, "तिनं मटण केलं माझ्यासाठी. सावजी."

कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, शोभाताईंना मेडनहेडच्या एका हॉटेलातली खोली दिली आहे. एक पलंग, एक किटली. स्वयंपाकाला बंदी. जिचा हात कामाचा, तिला चूल नाही, आणि हात तर आता मिटतही नाही पुरता. बाई रोज दुपारी ईलिंगहून ट्रेनने जातात. स्वतः रांधून. तोच शेवटचा, बुधवारचा डबा, जो परत न्यायला गुरुवारी कुणी आलं नाही. झाकणावर अजून हॅनवेलचा पत्ता आहे.

परवा मी बरोबर गेले होते. शोभाताईंनी डाव्या हाताने पहिला घास घेतला. "बाई, मीठ घातलंय का?"

"घातलं."

"कुठं? गॅसवर?"

"खा मुकाट्यानं. दात आहेत न तुला? मले तेही नाहीत."

निघताना शोभाताईंनी डबा धुतला, पुसला, आणि हॉटेलच्या चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या तीन पुड्या आत टाकून झाकण लावलं.

फलाटावर अभिजित होता. लॅपटॉपची बॅग, कानात इअरफोन. बाईंना पाहिलं आणि खाली बघायला लागला. बाई सरळ चालत गेल्या, त्याच्या कानातला एक इअरफोन उपटला. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी डबा त्याच्या कानाशी नेला आणि हलवला.

"ऐक," म्हणाल्या. "वीस टक्के तुझं घर होतं न? तिथं झोपणारी बाई वर हॉटेलात झोपते आता. चल, दाखवते. पाच मिनिटांवर आहे."

"मॅडम, मी फक्त सही केली हो. भोगटेभाऊ म्हणाले नावापुरतं आहे. इथे आल्यावर त्यांनीच खोली दिली होती आम्हाला, नाही कसं म्हणणार? मला काय माहीत..."

"तुझ्या बापानं पान न् पान दाखवलं मले. हात थरथरत होते त्याचे. तू एक पान दे. सही कोणी घेतली, कुठं घेतली. केस करायला कौन्सिलचा वकील सहा महिने एका नावासाठी अडकला आहे. एक पान."

"व्हिसा जाईल मॅडम. बाळ आहे."

"तिचा हात गेला."

गाडी आली. तो चढला, दारं मिटली. आम्हालाही त्याच गाडीने जायचं होतं, पण बाई चढल्या नाहीत. त्याच्या खिडकीच्या काचेवर डब्याने मारत राहिल्या, गाडी हलेपर्यंत, आणि हलल्यावर तिच्या बरोबर चालत, मग पळत, चौसष्टाव्या वर्षी, फलाट संपेपर्यंत. प्रत्येक ठोक्याबरोबर आतल्या पुड्या वाजत होत्या. काचेमागे त्याने डोळे मिटून घेतले होते.

त्या पाच नावांतली तीन मराठी आहेत. ती माणसं हे वाचतील. आणि ती तीनच नाहीत. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत ज्यांच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवून "फक्त नाव हवंय" म्हटलं, आणि खोलीच्या, गाडीच्या, ओळखीच्या भिडेपोटी ज्यांनी सही केली, त्या सगळ्यांना विचारते आहे. कुठल्या घरावर आहे तुमची सही? पत्ता काढा. आज काढा. तिथे जा, दार वाजवा, आणि उघडायला जे कोणी येईल त्याला स्वतःचं पूर्ण नाव सांगा. मग ते नाव लिहून, खाली सही करून, कौन्सिलला द्या. सही करता येते तुम्हाला.